टर्फवरची फुटबॉल बॅच: घाम वसूल होतो, पण फी भरायच्या आधी माणसं मोजा

पुण्यात हायवेच्या पलीकडे एका टर्फवर संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी फुटबॉल ट्रेनिंगची बॅच चालते, तिचा हा रिव्ह्यू. टर्फचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढे तक्रारीपण आहेत आणि कोच पोरगा चांगलाय, त्याच्या पोटावर पाय नको. तसंही बाणेर-बावधन-वाकड पट्ट्यात असल्या बॅचेस आता इतक्या झाल्यात की नाव बदललं तरी पोस्टर तेच, वर 'स्मॉल साइडेड गेम्समधून फिटनेस' (म्हणजे छोट्या जागेत, कमी माणसांचे गेम्स), मध्ये कुठल्यातरी युरोपियन प्लेअरचा फोटो, खाली व्हॉट्सॲप नंबर. महिन्याला साडेतीन हजार, आठवड्यातून तीन दिवस, सव्वा सव्वा तास. एवढ्यात चांगली जिम येते, म्हणून ग्रुपवर सगळ्यांनी मला हेच विचारलं की टर्फवर पाच-पाच खेळायला कोच कशाला लागतो, 'आज कोण कोण' असा मेसेज टाकून आपण खेळतोच की.

खेळतो, पण ते वेगळं. आपण खेळतो तेव्हा दोन जण गोलपाशी गप्पा मारत उभे असतात, एक जण फोन घ्यायला बाहेर जातो, आणि ज्याचा बॉल त्याला कुणी काही बोलत नाही. इथे कोच कोन कुठे ठेवतो आणि शिट्टी कधी मारतो यातच अर्धी फी वसूल आहे, कारण या सगळ्या प्रकारात शरीराला किती त्रास द्यायचा हे ठरतं तीन-चार गोष्टींवर, माणसं किती, जागा केवढी, कीपर आहे का नाही, आणि मध्ये विश्रांती किती. यातली एक गोष्ट हलवली की त्याच टर्फवर त्याच लोकांची हालत वेगळी होते.

आता जागेचं बघा. हे टर्फ साधारण ३० बाय १८ मीटर, म्हणजे ५४० चौरस मीटर. पाच-पाच खेळलो तर माणशी ५४ चौरस मीटर, चार-चार खेळलो तर साडेसदुसष्ट. इंटरनॅशनल मापाचं मैदान १०५ बाय ६८, त्याला बावीसने भागा, माणशी सव्वातीनशेच्या आसपास येतात. मी मूळचा कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या तिथल्या क्लबांच्या मॅचेस बघत मोठा झालो, त्यामुळे माझ्या डोक्यात फुटबॉल म्हणजे विंगवरून बॉल पुढे ढकलायचा आणि जीव खाऊन त्याच्या मागे सुटायचं. टर्फवर ते होतच नाही. चार पावलं पळालात की जाळी आली, नाहीतर समोर माणूस आला, थांबा, वळा, परत सुटा. म्हणजे पळणं कमी पण सुटणं आणि थांबणं प्रचंड, आणि सगळ्यात जास्त दुखवतं ते थांबणं, हे इथे पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळतं. जिना उतरताना मांडीचा पुढचा भाग जो बोंब मारतो ना, तो पळण्याने नाही, ब्रेक मारण्याने. स्नायू लांबत असताना जोर लावायचा म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खुर्चीत बसताना समजतं.

कोचची आवडती रचना म्हणजे तीन-तीन, अर्ध्या टर्फमध्ये, कीपर नाही, दोन्हीकडे कमरेएवढे छोटे गोल. चार मिनिटं खेळ, तीन मिनिटं चालत विश्रांती, असे चार राउंड. हा चार गुणिले चार प्रकार त्याने घरी शोधलेला नाही. नॉर्वेत यान हॉफ आणि यान हेल्गेरुड या मंडळींनी तो फुटबॉलमध्ये आणला, चार मिनिटं हृदयाचे ठोके कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्क्यांवर ठेवायचे आणि मध्ये तीन मिनिटं हलकं जॉगिंग. त्यांनी २००१ मध्ये ज्युनियर प्लेअर्सवर हा प्रयोग छापला, आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, आणि पोरांची ऑक्सिजन वापरायची क्षमता (किलोमागे मिनिटाला किती मिली) ५८ वरून ६४ वर गेली, मॅचमध्ये पळालेलं अंतरपण साधारण वीस टक्क्यांनी वाढलं. ते नुसतं धावणं होतं. पुढच्या वर्षी हॉफने दाखवलं की नीट बांधलेल्या पाच-पाचच्या खेळातसुद्धा ठोके ९१ टक्क्यांच्या आसपास जातात. मग २००६ मध्ये इटलीत इम्पेलिझेरी वगैरेंनी ज्युनियर पोरांचे दोन गट केले, एका गटाला बिनबॉलचं इंटरव्हल रनिंग, दुसऱ्याला छोटे गेम्स, आणि शेवटी स्टॅमिनात दोन्ही गट सारखेच निघाले. म्हणजे ज्याला ग्राउंडला चकरा मारायचा कंटाळा आहे (मला आहे) त्याच्यासाठी ही फार मोठी बातमी आहे, तेवढंच काम बॉल पायात असताना होतं आणि वर पासिंग, नजर वर ठेवणं, मार्किंग हे फुकट मिळतं.

ठोक्यांचा हिशोब मी स्वतःपुरता लावलाय. कमाल ठोक्यांसाठी २२० वजा वय हे जुनं सूत्र, आणि २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे नंतर आलेलं, चाळिसाव्या वर्षी मजा अशी की दोन्ही सूत्रं १८० हाच आकडा देतात, त्यामुळे माझ्या वयाच्या लोकांनी भांडायची गरज नाही. ९० टक्के म्हणजे १६२. तीन-तीनच्या दुसऱ्या राउंडपासून मी तिथे असतो. पाच-पाच कीपरसकट खेळलो की मी बऱ्याचदा १५० च्या खालीच घुटमळतो. माणसं कमी केली की ठोके वाढतात, हे बहुतेक सगळ्या अभ्यासांत दिसतं आणि कारण साधं आहे, तीन जणांत लपायला जागा नाही. बॉल तुमच्याकडे नसला तरी पुढचा पास तुमच्याकडेच यायचाय, आणि बॉल गेला की दाबायला जाणारा माणूसपण तुम्हीच.

कीपरचं मला आधी पटलं नव्हतं, गोलीशिवाय कसला फुटबॉल. पण कीपर आला की सगळे आपापल्या गोलसमोर गोळा होतात, खेळाला शिस्त येते आणि वेग उतरतो. मॅचसारखं वाटायला ते हवंच, पण दमछाक हवी असेल तर छोटे गोल बरे. कोच शुक्रवारी मुद्दाम कीपरसकट पाच-पाच लावतो, तो दिवस हलका असावा म्हणून, आणि बॅचला वाटतं आज सर खूश आहेत.

एक गोष्ट मला या बॅचमध्ये फार आवडली ती म्हणजे कोचच्या पायाशी कायम सात-आठ बॉल असतात. बॉल जाळीवरून बाहेर गेला की कुणी आणायला जात नाही, तो दुसरा बॉल लगेच आत सोडतो आणि तोही मुद्दाम जो दमलाय त्याच्या उलट दिशेला. तिसऱ्या राउंडची गोष्ट सांगतो. बॉल बाहेर गेला, मी मनात म्हटलं सुटलो, दोन श्वास घेऊ, हात गुडघ्यावर जायच्या आत उजवीकडून नवीन बॉल आत, माझा माणूस निसटला, मी वळलो तर बुटात गेलेले रबराचे काळे दाणे टाचेखाली टोचतायत, घशात लोखंडाची चव, आणि बाहेरून आवाज, "दादा, त्याच्याकडे बघू नका, बॉलकडे जा, अजून चाळीस सेकंद!" ते चाळीस सेकंद ऑफिसच्या कुठल्याही मीटिंगपेक्षा लांब होते. शिट्टी झाली तर बसू देत नाही, "चालत राहा दादा, बसायचं नाही", आणि तेही बरोबरच आहे, एकदम थांबलं की गरगरायला होऊ शकतं.

या आरडाओरड्यालापण आधार आहे बरं. इटलीतल्याच रांपिनिनी वगैरेंचा २००७ चा अभ्यास आहे, हौशी प्लेअर्स, तीन-तीनपासून सहा-सहापर्यंत, लहान-मध्यम-मोठी अशी तीन मापं, आणि कोच ओरडतोय किंवा गप्प आहे. सगळ्यात जास्त ताण कशात, तर तीन-तीन, मोठी जागा, आणि कोच ओरडतोय. सगळ्यात कमी सहा-सहा, लहान जागा, कोच गप्प. त्यामुळे ज्या टर्फवर कोच खुर्ची टाकून रील्स बघत बसतो तिथे तुम्ही फी कोचिंगची भरताय आणि घेताय नुसतं भाड्याचं टर्फ.

आणि इथूनच माझी मुख्य तक्रार सुरू होते. पहिले पंधरा दिवस बॅचला बारा जण, तीन-तीनचे चार संघ, दोन्ही अर्ध्यांत एकाच वेळी खेळ, सगळे एकाच वेळी दमलेले, सगळे एकाच वेळी विश्रांतीत. झकास. मग इन्स्टावर व्हिडिओ फिरला आणि सोळा जण झाले, एका बुधवारी तर अठरा. कोच एकटा. मग काय, आठ-आठ. त्याच ५४० चौरस मीटरमध्ये सोळा माणसं म्हणजे माणशी पावणेचौतीस चौरस मीटर, एका टूबीएचके फ्लॅटमध्ये दोन माणसांनी फुटबॉल खेळल्यासारखं. तिथे कुणी पळत नाही, पळताच येत नाही, नुसती नडगीला नडगी लागते. त्या दिवशी माझे ठोके बहुतेक वेळ १३० च्या घरात होते आणि पोटरीला लागलेला मार मात्र आठवडाभर राहिला. म्हणजे दमछाक अर्धी आणि इजा दुप्पट.

त्यावर तोडगा म्हणून मालकाने 'जिंकेल तो राहील' चालू केलं. तीन संघ, हरला तो बाहेर. ऐकायला भारी, कट्ट्यावर आपण तसंच खेळतो, पण ट्रेनिंगसाठी हा उलटा न्याय आहे. ज्यांचा दम चांगला ते जिंकतात आणि खेळत राहतात, ज्यांना मेहनतीची खरी गरज ते हरून बाकावर बसतात, थंड होतात, परत आत आले की पुन्हा हरतात. आमच्यातला एक नवीन काका, पोट कमी करायला आलेले, सव्वा तासात जेमतेम पंधरा मिनिटं खेळले असतील. साडेतीन हजार त्यांनीपण भरलेत. मी मालकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "सर, कॉम्पिटिशन पाहिजे ना." कॉम्पिटिशन हवी, पण मग तिसऱ्या संघाला बाजूच्या पट्टीत चौकोनात पासिंग तरी द्या, चार जण बाहेर एक जण आत, त्यात काही खर्च नाही. शेवटी कोचने ते दोन आठवड्यांनी चालू केलं, स्वतःच्या डोक्याने, मालकाला न विचारता.

सोळा झाले तेव्हा त्याने आणखी एक चांगली युक्ती केली, जोकर. म्हणजे वेगळ्या रंगाचं बिब (टी-शर्टवरून चढवायचं बनियन) घातलेला एक जण ज्याच्याकडे बॉल त्याच्या बाजूने खेळतो. चार-चार अधिक एक. जोकरला डिफेन्स नाही, त्यामुळे तो इतरांपेक्षा कमी पळतो, हे काम गुडघा दुखतोय किंवा आजारातून उठलोय अशा माणसाला मस्त, खेळात राहतो आणि झेपेल एवढंच होतं. पण कोच जोकर म्हणून सगळ्यात फिट पोराला ठेवतो कारण त्याचे पास चांगले! माझं मत, चाळिशीच्या लोकांनी लाज न बाळगता ते बिब मागून घ्यावं, निदान आठवड्यातून एकदा.

दोन टचचा नियमपण तो लावतो, म्हणजे बॉलला दोनदाच पाय लावून पास द्यायचा. जमणाऱ्यांना भारी, बॉल पटापट फिरतो आणि बॉलशिवाय जास्त हलावं लागतं. पण नवख्यांच्या संघात दोन टच म्हणजे दर पाच सेकंदाला बॉल जाळीत, खेळ थांबला, दमपण नाही आणि मजापण नाही. नियम माणसं बघून लावावा, घड्याळ बघून नाही, हे त्याला सांगायचं राहिलंय.

आता घड्याळांचं. बॅचमध्ये निम्म्या लोकांच्या मनगटावर स्मार्टवॉच असतं आणि संपल्यावर सगळे किलोमीटर बघून नाराज होतात, "एवढे मेलो आणि दोन-अडीचच?" तर ऐका, घड्याळातलं जीपीएस साधारण सेकंदाला एकदा जागा टिपतं, प्रोफेशनल टीमच्या बनियनमधलं यंत्र सेकंदाला दहा वेळा टिपतं, आणि आपण एका सेकंदात दोनदा दिशा बदलतो, त्यामुळे वळणं कापली जातात आणि अंतर कमी दिसतं. शिवाय अंतर हा इथला आकडाच नाही. दोन किलोमीटर सरळ जॉगिंग आणि दोन किलोमीटर शंभर वेळा थांबून-सुटून यात शरीराला पडणारं काम वेगळंय, घड्याळाला ते कळत नाही. मनगटावरचे ठोकेपण अशा झटक्यांच्या खेळात मागे पडतात, मोजायचंच असेल तर छातीचा पट्टा घ्या. किंवा काहीच घेऊ नका, संपल्यावर कोच 'किती दमलात, दहापैकी किती' असा पोल टाकतो ते पुरेसं आहे, तुम्ही दिलेला आकडा गुणिले मिनिटं, सात दिले तर ७५ गुणिले ७, ५२५, झाला त्या दिवसाचा भार, आठवड्याची बेरीज अचानक वाढली तर जरा सांभाळायचं. फक्त तो पोल शिट्टी झाल्या झाल्या टाकतो, तेव्हा सगळेच नऊ-दहा देतात. ही पद्धत ज्याने रुळवली त्या फॉस्टर नावाच्या संशोधकाने अर्ध्या तासाने विचारायला सांगितलंय, घरी जाऊन अंघोळ झाल्यावर खरा आकडा येतो.

या बॅचमध्ये जे मिळत नाही ते पण लिहितो, कारण पोस्टरवर 'कम्प्लीट फुटबॉल फिटनेस' लिहिलंय आणि ते खोटं आहे. टॉप स्पीड इथे मिळत नाही. माणसाला पूर्ण वेगाला पोचायला तीस-चाळीस मीटर मोकळी जागा लागते आणि आमचं अख्खं टर्फच तीस मीटर. महिनोन्महिने फक्त टर्फवर खेळून एकदम रविवारी मोठ्या ग्राउंडवर अकरा-अकराची मॅच मारायला गेलात तर विंगवर पहिल्याच लांब बॉलला मांडीच्या मागची शीर धरते. हे आमच्यातल्या दोघांचं झालंय, दोघंही तिशीच्या आतले, टर्फवर चपळ म्हणून नावाजलेले. हॅमस्ट्रिंगला जोरात पळायची सवय फक्त जोरात पळूनच लागते. त्यामुळे आठवड्यातून एकदा मोकळ्या ग्राउंडवर व्यवस्थित गरम होऊन चार-सहा सरळ धावा, हळूहळू वेग वाढवत, मध्ये भरपूर विश्रांती, एवढं स्वतःचं स्वतः करा. आणि नॉर्डिक, गुडघ्यावर बसून पाय कुणीतरी धरायचे आणि सावकाश पुढे झुकायचं, दिसायला काही नाही पण हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात असं अभ्यास सांगतात.

वॉर्मअपबद्दल कोचवर माझा थोडा राग आहे. फिफाचा ११ प्लस म्हणून तयार वॉर्मअप आहे, फुकट, वीस मिनिटांचा, पळणं, मग ताकद आणि तोल, मग परत पळणं, नॉर्डिक त्यातच आहे. आमच्या कोचला तो येतो, पहिल्या आठवड्यात करून घेतला. नंतर लोक हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सव्वासातला धापा टाकत यायला लागले आणि पुढच्या स्लॉटची घाई नको म्हणून वॉर्मअप पाच मिनिटांवर आला, दोन चकरा आणि हात फिरवा. टर्फवर जांघ आणि पोटरी ही सगळ्यात आधी जाणारी जागा, सारखं आडवं वळायचं असतं, तिथे वॉर्मअप कापणं म्हणजे उशिरा येणाऱ्याची शिक्षा वेळेवर येणाऱ्याला.

बुटांचं नवीन लोकांसाठी, लांब स्टड घालून येऊ नका, कृत्रिम गवतात स्टड अडकतो आणि शरीर वळतं पण पाय वळत नाही. खाली बारीक बारीक रबरी बुंधे असलेले टर्फ शूज घ्या, आणि एप्रिल-मेमध्ये चारची बॅच घेऊ नका, ते गवत उन्हात साध्या गवतापेक्षा फार तापतं, बुटाच्या तळातून चटका लागतो. सातच्या पुढे ठीक.

मग कुणी जावं? वजन उतरवायचंय, ट्रेडमिलवर जीव रमत नाही, अशांनी नक्की. डेन्मार्कमध्ये क्रुस्ट्रुप आणि बांग्सबो या लोकांनी कधीही ट्रेनिंग न केलेल्या पुरुषांना बारा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा तासभर असेच छोटे गेम्स खेळवले, स्टॅमिना वाढला, बीपी उतरलं, चरबी कमी झाली, आणि ते सगळं ठोके सरासरी ८० टक्क्यांच्या वर ठेवून, म्हणजे न खेळणाऱ्या माणसालापण हा खेळ आपोआप तिथे नेतो. पण तेच उलटं वाचा, न खेळणाऱ्या माणसाला हा खेळ आपोआप ८० टक्क्यांच्या वर नेतो. खेळात असताना माणूस थांबत नाही, इज्जतीचा प्रश्न असतो. चाळिशी, शुगर, बीपी, घरात हार्टचा इतिहास, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरकडे जाऊन या. या बॅचमध्ये फॉर्म भरताना वय सोडून काहीच विचारत नाहीत, ते मला खटकलं.

ज्याला क्लबसाठी अकरा-अकरा खेळायचंय त्याने फक्त यावर अवलंबून राहू नये, वर लिहिलंच. आणि कुठल्याही टर्फवर पैसे द्यायच्या आधी एक दिवस बाहेर बाकावर बसून बघा, एका वेळी आत किती, बाहेर किती, बॉल बाहेर गेला की किती वेळ खेळ थांबतो, आणि कोच उभा आहे का बसलाय. ट्रायलला गेलात तर सगळेच बारा जणांत खेळवतात, म्हणून ट्रायलच्या दिवशी नाही, मधल्या एखाद्या बुधवारी जा.

बाकी सोयी. पार्किंग दुचाकीला आहे, चारचाकी रस्त्यावर. पाण्याचा जार असतो, ग्लास एकच, बाटली स्वतःची न्या. बिब धुतलेले नसतात, वासावरून कालची बॅच किती दमली ते कळतं. लाइट चांगले आहेत, एका कोपऱ्यातला सोडून. बाजूच्या टपरीवर साडेआठपर्यंत ऑम्लेट पाव मिळतो, त्याचा रिव्ह्यू वेगळा लिहावा लागेल.

पुढच्या महिन्याची फी मी भरली, चौदाच्या वर माणसं घेणार नाही असं मालकाकडून व्हॉट्सॲपवर लिहून घेऊन. कोचला पाचपैकी साडेचार, मालकाला दोन. एकूण साडेतीन, वॉशरूमला आतून कडी बसवली की चार करतो.